काचेचे मणी आणि बडोद्याची मराठी घरे

बडोद्याच्या गायकवाडी वैभवाचा विषय निघाला, की मोत्यांच्या गालिच्याचा उल्लेख हटकून होतो. महाराज खंडेराव गायकवाड यांनी तो १८६५ च्या सुमारास करविला. मदिनेस पैगंबरांच्या समाधिस्थानी तो अर्पण करावा असा त्यांचा संकल्प होता, असे परंपरा सांगते. १८७० मध्ये खंडेराव निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे तो मोनॅकोला गेला. आणि मार्च २००९ मध्ये दोहा येथील सोदबीच्या लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर किंमत आली. त्यावरील बसऱ्याच्या बारीक मोत्यांची संख्या पंधरा ते वीस लाखांच्या घरात सांगतात. हिरे, माणके, पाचू, नीलमणी आहेत ते वेगळेच.

परंतु त्याच गालिच्यावर आणखी एक वस्तू आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे रंगीत काचेचे मणी. मोत्यांची जमीन फिकट. तीवर वेलबुट्टी उठून दिसावयाची तर रंग हवा, आणि तो रंग कारागिरांनी काचेच्या मण्यांतून आणला. ज्या राजाला माणके-पाचू हवे तितके मिळत होते, त्याच्या गालिच्यावर बाजारात मापाने विकला जाणारा काचमणी मोत्याच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. ह्या पंक्तीचे आम्हांस फार कौतुक वाटते. कारण तशाच काचमण्यांनी बडोद्याच्या मराठी घरांत जवळजवळ शंभर वर्षे ठाण मांडले होते, आणि त्यांचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावरील पेट्यांत तो अजून असेल. मण्यांचे तोरण, मण्यांचा सारीपाट, नारळावर चढविण्याची जाळी, पंखा, कलशावरील मोर, देवघरापुढची महिरप. आणि ह्या साऱ्यांच्या तळाशी, एखाद्या कापडी पिशवीत, मण्यांची ठुशी, मण्यांची चिंचपेटी, पाटल्या, बाजूबंद. घरच्या बायकांनी दुपारच्या फावल्या वेळी स्वतः करून स्वतः घातलेले हे दागिने. आम्ही महसूल खात्यात असताना जप्तीच्या आणि वारसाहक्काच्या कितीतरी याद्या डोळ्यांखालून गेल्या. त्यांत सोन्याचा वाल-गुंजेपर्यंत हिशेब असे, चांदीची भांडी ठोकळ वजनाने लिहिलेली असत, तांब्यापितळेची नग मोजून. आणि मण्यांचे काम कधी आलेच तर ‘किरकोळ जिन्नस’ ह्या शब्दांत आटपलेले असे. लिहिणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. जे वितळत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि विकत कोणी घेत नाही, त्याला किंमत कोणती लावावी? परंतु त्याच कारणाने त्या याद्यांतील सोने आज एकाही घरात मूळ रूपात राहिलेले नाही. मुलींच्या लग्नांत, आजारपणांत, मुलांच्या शिक्षणात ते मोडले गेले, आटवले गेले, पुन्हा घडवले गेले. मण्यांची ठुशी मोडून काहीच हाती येण्यासारखे नव्हते, म्हणून ती राहिली. आपल्या पणज्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली आणि आज जशीच्या तशी हाती लागणारी वस्तू बहुधा हीच.

मग हे काम त्यांच्याकडे आले कोठून? मराठी दागिन्यांत मण्यांची परंपरा जुनी आहे हे खरे. बोरमाळेचे पोकळ सोनमणी आत लाख भरून केलेले असतात. ठुशीत मणी इतके दाटून बसवलेले असतात की दोरा कोठे दिसू नये, आणि सरकत्या दोरीमुळे एकच ठुशी सासूच्या व सुनेच्या दोघींच्या गळ्यांत बसावी. तन्मणी, एकदाणी, मोहनमाळ ही सारी ओवण्याचीच रूपे. मंगळसूत्राची काळी पोत तर काचेचीच. परंतु हे ओवण्या-गाठण्याचे काम घरी होत नसे. सोनार घडवी आणि पटवेकरी गाठून देई. रेशीम पिळणे, गोंडे करणे, सर समान राखणे ही त्याची विद्या. घरच्या स्त्रीने फार तर तुटलेली पोत तात्पुरती ओवून घ्यावी.

घरात होत असे ते एकच काम, आणि ते साखरेचे. संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी करावयाचे हलव्याचे दागिने. मंद शेगडीवर परात ठेवून तीत खसखस किंवा साबुदाणा घ्यावयाचा, पाक चमच्याचमच्याने सोडावयाचा आणि हाताने हलवत राहावयाचे. थंडी चांगली असली की दाण्यावर काटा फुलतो. हा काटेरी दाणा म्हणजेच त्या दागिन्याचा मणी. त्याला भोक नसते. म्हणून तो ओवता येत नाही. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठावा लागतो. मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट असा सारा साज अशा गाठींवर उभा राहतो आणि काळ्या लुगड्यावर तो पांढराशुभ्र दिसतो. उत्तरायणाच्या दिवशी सारे बडोदे गच्चीवर पतंगांत रमलेले असता मराठी घरांत हा साज अंगावर चढत असे. ज्या बोटांना हलव्याचा दाणा न फोडता गाठण्याची सवय होती, त्यांना काचमणी अवघड नव्हता. हात तयार होता. वाण होती ती मण्यांची आणि नमुन्यांची.

मणी आले समुद्रावरून. व्हेनिसजवळील मुरानो बेटावर काचेची पोकळ नळी ओढून, तिचे बारीक तुकडे करून, ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करीत; असे मणी पूर्व आफ्रिकेच्या व्यापारात नाण्यासारखे चालत. झांझिबार व त्या किनाऱ्यावरील गुजराती व्यापारी हस्तिदंताच्या बदल्यात मणी देत, आणि त्याच गलबतांच्या येण्याजाण्यात ते मणी काठेवाडच्या बंदरांवर व मुंबईस उतरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काठेवाडच्या घराघरांत जे मोतीभरत बहरले, ते ह्या मण्यांवर. पुढे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्सचे मणी आले. १९१४ च्या महायुद्धाने ऑस्ट्रिया-हंगेरीचा माल बंद झाला आणि बाजारात जपानी माल शिरला. आपल्याकडेही काच करावी म्हणून तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा कारखाना निघाला होता हे पुण्या-मुंबईशी नाते राखून असलेल्या वाचकांना ठाऊक असेलच. पण आमच्या पेट्यांतले बारीक मणी परदेशीच.

आता मुख्य मुद्दा. बडोदे १७३४ पासून गायकवाडांकडे होते आणि त्यांच्यामागोमाग आपली घराणी येथे आली. परंतु ही घराणी बडोद्यातच बसून राहिली होती अशी जी समजूत आपण करून घेतली आहे ती बरोबर नाही. बडोदे राज्याचे चार प्रांत होते : बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली. हे प्रांत एकमेकांना लागूनही नव्हते. मध्ये ब्रिटिश मुलूख, मध्ये इतर संस्थाने. सुभे, वहिवाटदार, न्यायाधीश, शाळातपासनीस, फडणिशीतले कारकून यांच्या ह्या चारही प्रांतांत बदल्या होत. अमरेली प्रांतात धारी, कोडीनार, दामनगर आणि थेट द्वारकेचा ओखामंडळ. नवसारी प्रांतात गणदेवी, सोनगड, व्यारा. हुकूम निघाला की बिऱ्हाड उठे. पुरुषमाणूस कचेरीत जाई. बाईमाणूस अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, शेजारणीच्या ओट्यावर दिवस काढी. आमचे असे अनुमान आहे, की मण्यांचे काम आपल्या घरांत आले ते ह्या ओट्यांवरून.

अनुमानाला आधार आहे तो वस्तूंच्या घडणीचा. काठेवाडी मोतीभरताची खूण अशी : पांढऱ्या अपारदर्शक मण्यांची जमीन, तीवर पिवळा, तांबडा, हिरवा, निळा असे मोजके ठसठशीत रंग, हत्ती-घोडे-मोर-गणपती अशा आकृती, तोरणाला खाली लोंबणारी पाने, आणि विणलेल्या जाळीला पाठीमागून कापडाचे अस्तर. तेथील शब्दही आपल्या घरांत आले. बारीक मण्याला ‘कीडियां’ म्हणणाऱ्या मराठी आजी आम्ही ऐकल्या आहेत. भिंतीवरील चौकोनी पटाला ‘चाकळा’ आणि डोक्यावरच्या चुंबळीला ‘ईंढोणी’ हे शब्द त्यांनी जसेच्या तसे उचलले.

नवसारीची खूण निराळी. तेथे शेजार पारशांचा. पारशी स्त्रिया दारावर लावण्याचे मण्यांचे तोरण लाकडी चौकटीवर विणतात. त्यालाही जमीन पांढरीच. पण अस्तर नसते, खालच्या कडेला मण्यांच्याच झालरी सुटलेल्या असतात, आणि आकृती असतात मासा, कोंबडा, स्वस्तिक, गुलाब. बडोद्याच्या एखाद्या ब्राह्मण घरच्या रुखवताच्या पेटीतून कोंबडा विणलेले तोरण निघाले की पाहणारा गोंधळतो. आम्हांस त्यात गोंधळण्यासारखे काही दिसत नाही. त्या घरातील कोणी ना कोणी नवसारीला किंवा गणदेवीला नोकरीवर असणार, हे बहुतेक वेळा विचारण्याआधीच सांगता येते.

बडोद्यास परतल्यावर ह्या दोन रीतींचे जे झाले ते मात्र सर्वस्वी मराठी. आपल्या बायकांनी जाळी घेतली, रंग घेतले, आणि त्यांत तुळशीवृंदावन, गोपद्मे, शंख-चक्र, कासव बसविले. चैत्रांगण काढणाऱ्या हाताला हे सहज सुचले असावे. रांगोळीचे ठिपके आणि जाळीची घरे ह्यांचा हिशेब एकच. आणि दुसरी गोष्ट, जी आमच्या मते अधिक महत्त्वाची : त्यांनी ही जाळी दारावरून उतरवून गळ्यात घातली. काठेवाडात किंवा पारशी घरांत मण्यांचे काम मुख्यतः घर सजविण्याचे. आपल्या घरांत त्याचे दागिने झाले, आणि दागिन्यांचे आकार पटवेकऱ्याकडून येणाऱ्या सोन्यामोत्यांच्या साजाचेच राहिले. पिवळ्या मण्यांची ठुशी, पांढऱ्या मण्यांची चिंचपेटी, मध्ये तांबडा मणी घालून केलेला तन्मणी. पिवळा म्हणजे सोने, पांढरा म्हणजे मोती, तांबडा म्हणजे माणिक. ज्या घरात खरी चिंचपेटी कडीकुलपात असे आणि वर्षातून दोनदा बाहेर निघे, त्या घरात ही दुसरी खुंटीवर असे. ज्या घरात खरी नव्हतीच, तेथे ही एकच. ‘खोटा दागिना’ हा शब्द आम्हांस ह्या वस्तूंना लावावासा वाटत नाही. खोटा दागिना पाहणाऱ्याला फसविण्यासाठी असतो. मण्यांच्या ठुशीला सोन्याची समजणारा मनुष्य अद्याप जन्मलेला नाही.

ह्या कामातील बुद्धी कोठे आहे ते पाहावयाचे तर एक साधी जाळी घ्यावी. एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. तीन मणी ओवायचे आणि चौथ्या मण्यातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. दोरे ओढले की चार मण्यांचा चौकोन बसतो. पुढच्या चौकोनाला मागच्याचा एक मणी भिंत म्हणून मिळालेला असतो, म्हणून नवे तीनच लागतात. असे साठ चौकोन झाले की गळ्याभोवतीची एकेरी पट्टी झाली. तिला मणी लागतात १८१. दुसरी ओळ वर चढवली की पहिल्या चौकोनाला तीन आणि पुढच्या प्रत्येकाला दोनच, कारण आता खालचीही भिंत तयार आहे. आडवी दहा आणि उभी दहा अशा शंभर घरांच्या पटाला चारशे मणी लागतील असे कोणालाही वाटेल, लागतात २२०. हा हिशेब शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका मनातल्या मनात करीत, आणि तोही रंगवार. मोराच्या मानेत निळे किती, पिसाऱ्यात हिरवे किती, हे आधी ठाऊक नसेल तर मणी मध्येच संपावयाचे, आणि दुसऱ्या खेपेस मिळणाऱ्या पुडीतला निळा तोच निळा असेल याची शाश्वती नसे. जुन्या कामांत मोराच्या मानेचा रंग मध्येच किंचित फिकट झालेला दिसतो तो ह्यामुळे. त्याला दोष म्हणू नये. त्या जागी एक पुडी संपली आणि दुसरी उघडली, एवढेच ते सांगते.

नमुने लिहिलेले नसत. जुना तुकडा समोर ठेवून नवा विणावयाचा. मुलीने आईच्या हाताखाली. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या तेव्हा गणिताच्या चौकटीच्या वहीत फुल्या मारून नमुने उतरवले गेले. अशा वह्या क्वचित सापडतात, आणि सापडल्या तर त्या शाळेच्या जुन्या वह्या म्हणून रद्दीत जातात. सयाजीरावांच्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यास १९०६ मध्ये लागू झाले, आणि महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री-उद्योगालय १९१४ मध्ये निघाले; शिवण-भरतकामाला तेथे शिक्षणाची प्रतिष्ठा मिळाली. मण्यांचे काम मात्र प्रामुख्याने घरातच राहिले. त्याला परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्याच्या नोंदीही नाहीत. आमच्यासारख्या, सारी हयात नोंदींवर विसंबून काढलेल्या माणसाला ही गोष्ट बोचते.

मे १९४९ मध्ये बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले. बदल्यांचा नकाशा बदलला, दरबारी नोकरीचा मान ओसरला, आणि अनेक घरे चाळीत व पुढे सदनिकांत आली. मण्यांच्या कामाला त्यानंतर एक अनपेक्षित भरती आली ती सरकारी धोरणाने. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि नवे दागिने १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे करावयाचे नाहीत असा नियम झाला. ती अट पुढे सैल झाली, पण १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा कायदाच झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत टिकला. १४ कॅरटचे सोने आपल्या बायकांच्या पसंतीस कधीच उतरले नाही. आम्ही शाळेत होतो त्या काळात हळदीकुंकवाला घरी केलेले मण्यांचे सर घालून जाण्यात कमीपणा राहिलेला नव्हता. उलट कोणाची वीण नवी, यावर चर्चा होई. सुती व रेशमी दोऱ्याच्या जागी तंगूस आला तो ह्याच सुमारास. तंगुसाला सुई लागत नाही, तो कुजत नाही, म्हणून काम झपाट्याने होऊ लागले. त्याचबरोबर ते ताठ झाले. रेशमावर ओवलेली चिंचपेटी गळ्यावर अंग टाकून बसते. तंगुसाची चिंचपेटी गळ्यापासून फटकून राहते. ज्यांनी दोन्ही हातांत घेऊन पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

एक आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. मणी इटलीचे, नमुने काठेवाडचे, विणण्याची रीत पारशांची. ह्यात आपले असे काय? हा प्रश्न विचारणारे बहुधा नथीतले मोती इराणच्या आखातातून येत असत हे विसरतात. शिवाय मण्याच्या बाबतीत स्वदेशी-परदेशी हा वाद फार जुन्या जागी येऊन अडतो. बडोद्यापासून काही तासांच्या अंतरावर खंबायत आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूरचा दगड तेथे येतो. तो भट्टीत तापवला की त्यातील लोहामुळे तांबडा होतो. मग लोखंडी सळईच्या टोकावर धरून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने टवके काढून त्याचा मणी घडतो. जवळजवळ ह्याच पद्धतीने साडेचार हजार वर्षांपूर्वी लोथलला मणी होत. हे अकीक आफ्रिकेत, अरबस्तानात जात. बनासकांठ्यातील झेकडा येथे तर एका मडक्यात संगजिऱ्याचे हजारो सूक्ष्म मणी निघाले, एकेक जेमतेम मिलीमीटरभर. त्यांची घडण कशी केली असेल याचा शोध आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. म्हणजे ज्या समुद्रमार्गाने गुजरातचा मणी हजारो वर्षे बाहेर गेला, त्याच मार्गाने व्हेनिसचा मणी आत आला. मण्यांच्या ह्या जाण्यायेण्याचा सर्वांत साक्षेपी अभ्यास करणारांत एक मराठी नाव आहे, ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे. रेखांकित मण्यांवरील त्यांचा प्रबंध डेक्कन कॉलेजने १९४९ मध्ये काढला, आणि भारतीय काचेचा इतिहास १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने. आमचे म्हणणे इतकेच, की मणी कोणाचाही असो, तो कोणत्या क्रमाने ओवला ते पाहावे. चैत्रगौरीपुढे टांगलेल्या मण्यांच्या कासवाला व्हेनिसचे म्हणणे हट्टाचे होईल.

आता आमचे अनुमान तपासून पाहण्याची एक सोय आहे. ती ह्या अंकाच्या वाचकांच्या हाती आहे. मण्यांचे काम मराठी घरांत बदल्यांच्या वाटेने आले असेल, तर ज्या दरबारांचे काठेवाडाशी आणि नवसारीशी असे नाते नव्हते, तेथील घरांत ह्या दोन खुणा एकत्र दिसता कामा नयेत. इंदूर आणि ग्वाल्हेरकडच्या जुन्या पेट्यांत कापडाच्या अस्तराचे पानांचे तोरण आणि झालरीचे कोंबड्याचे तोरण, अशी दोन्ही सापडतात काय? सापडलीच, तर ती बडोद्याहून गेलेल्या लेकींच्या रुखवतातून आली आहेत की स्वतंत्रपणे? बेळगाव-गोव्याकडील मण्यांच्या कामात आम्हांस अपरिचित अशी तिसरीच वीण असण्याचा संभव आहे. आमचे मत खोडून काढणारी एखादी महिरप निघाली तर ती पाहण्यास आम्ही अवश्य येऊ.

तूर्त, पेट्या रिकाम्या होत आहेत. पोळातील वाडे विकले जात आहेत, सदनिकेत जागा नाही, आणि पुढची पिढी पुण्यात किंवा परदेशात. मण्यांचे काम वजनाला जड आणि दिसायला मळकट. बहुतेक वेळा ते खेळायला म्हणून मुलांच्या हाती पडते. ज्यांना ते राखावयाचे असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगून ठेवतो.

जुने काम पाण्यात घालून धुऊ नये. ज्या मण्यांच्या आत रुपेरी किंवा रंगाचा थर असतो, तो पाण्याने सुटतो आणि मणी कायमचा निस्तेज होतो. शिवाय कुजका दोरा भिजला की सारी वीण एकदम सुटते. कोरड्या मऊ कुंच्याने धूळ काढणे पुरेसे. घडी घालू नये. घडीच्या रेषेवर दोरा आधी तुटतो. जुन्या धुवट मलमलीत सैल गुंडाळून सपाट ठेवावे, वर्तमानपत्रात नव्हे. दोरा तुटून मणी गळू लागले असतील तर गळालेले मणी त्याच कापडात राहू द्यावेत, दुसऱ्या डबीत भरू नयेत. कोणता कोठला हे मग कळत नाही. नव्याने ओवावयाचे झाल्यास आधी छायाचित्र घ्यावे, चौकटीच्या कागदावर घराघराने रंग उतरवून घ्यावेत, आणि ओवताना तंगूस न वापरता मेण लावलेला पिळाचा दोरा घ्यावा. कमी पडलेल्या मण्यांच्या जागी प्लास्टिकचे मणी घालण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ती घरे रिकामी ठेवलेली बरी.

आणि कापडात एक चिठ्ठी घालावी. करणारीचे माहेरचे व सासरचे नाव, आणि त्या वेळी घरातील कर्ता पुरुष कोणत्या गावी नोकरीवर होता, ते. साल ठाऊक नसले तरी गाव बहुधा कोणाला तरी आठवते. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर हे आजच विचारून घ्यावे.